मोजणी कुणाची, आणि कशासाठी?



गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेक गटांनी आणि संघटनांनी वेबसाइट सुरू केल्या. कुणी निधी देणाऱ्या संस्थेने सुचवले म्हणून, कुणी आपल्या पुस्तिका लांबच्या बायांपर्यंत पोचाव्यात म्हणून, तर कुणी ‘आता सगळ्यांचीच असते’ म्हणून. वेबसाइट झाली की दोन प्रश्न उभे राहतात. शोधणाऱ्या बाईला ती सापडते का? आणि किती जणींनी ती पाहिली? पहिल्या प्रश्नासाठी बाजारात ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, म्हणजे एसईओ नावाची सेवा विकत मिळते. दुसऱ्यासाठी ‘ट्रॅफिक ट्रॅकिंग’ नावाची साधने मिळतात, त्यांतली पुष्कळशी फुकट. आपण ही दोन्ही कामे तांत्रिक समजतो आणि संगणक येणाऱ्या एखाद्या मुलाच्या हाती सोपवून मोकळ्या होतो. ही कामे तांत्रिक आहेत तितकीच राजकीय आहेत, आणि त्यांचे निर्णय संघटनेच्या बैठकीत व्हायला हवेत, असे मला वाटते. म्हणून या अंकाचे संपादकीय या विषयावर.

हा विचार सुरू झाला तो एका प्रस्तावावरून. काटोलच्या आमच्या गटाकडे एका कंपनीचा प्रतिनिधी आला. तीन महिन्यांत तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, असे त्याचे म्हणणे होते. कसे, असे विचारल्यावर त्याने मोकळेपणाने सांगितले. नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या नावाने एकेक पान करायचे. काटोल महिला मदत केंद्र, नरखेड महिला मदत केंद्र, सावनेर महिला मदत केंद्र, कळमेश्वर महिला मदत केंद्र. मजकूर तोच, गावाचे नाव तेवढे बदलायचे. शिवाय शेदोनशे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या ‘लिंक’ विकत घ्यायच्या. दर महिन्याला किती लोक आले याचा रंगीत आलेखांचा अहवाल तो देणार होता, आणि तो अहवाल निधी देणाऱ्यांना दाखवता आला असता.

बैठकीत यावर चांगली दोन तास चर्चा झाली. काही तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की दारू विकणारे, कर्ज देणारे, ज्योतिषी आणि वशीकरणवाले हे सगळे उपाय करतात आणि पहिल्या पानावर बसतात. मग आपणच सोवळे पाळून मागे का राहायचे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. रात्री अकरा वाजता मार खाल्लेली बाई फोनवर काही शोधते, तेव्हा तिच्यापुढे आधी कोण येते यावर तिचे पुढचे पाऊल ठरते. तिच्यापर्यंत पोचण्याची घाई आपल्यालाही असली पाहिजे.

पण त्या तालुकावार पानांचा नीट विचार करा. आमच्या गटाची एक खोली आहे, ती काटोलला, आणि तिथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच कुणी बसते. नरखेडला आमचे कुणी नाही. समजा मोवाडच्या किंवा जलालखेड्याच्या बाईने ‘नरखेड महिला मदत केंद्र’ हे पान पाहिले. घरात काही तरी कारण सांगून, लेकराला काखेत घेऊन, तिकिटाचे पैसे जमवून ती नरखेडला उतरली. तिथे केंद्र नाही. ती संध्याकाळी परत त्याच घरी जाणार, आणि कुठे गेली होतीस या प्रश्नाचे उत्तर तिला द्यावे लागणार. आलेखात मात्र तिची नोंद ‘एक यशस्वी भेट’ अशीच होईल. सर्च इंजिनच्या भाषेत अशा पानांना ‘डोअरवे’, म्हणजे नुसत्या दाराची पाने म्हणतात, आणि गूगलच्या नियमांत ती निषिद्ध आहेत. आपल्याला तो नियम माहीत नसता तरी आपले उत्तर तेच असायला हवे होते. प्रस्ताव नाकारायचा असे एकमताने ठरले.

शोधण्याच्या साधनांवर कुणाचा ताबा असतो, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीला नवा नाही. १९८० च्या दशकात मुंबईच्या लोकलच्या डब्यांत आणि भिंतींवर गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघडपणे लागत. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, असा त्यांचा अर्थ असे. त्याविरुद्ध मुंबईत मंच उभा राहिला, निदर्शने झाली, आणि १९८८ साली असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ ने लिंगनिदानाच्या जाहिरातीवर बंदी घातली. तरीही अंमलबजावणी होईना, म्हणून २००० साली मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २००३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन अधिक कडक झाला.

भिंतीवरची जाहिरात गेली ती संगणकाच्या पडद्यावर आली. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, या वेळी सर्च इंजिन कंपन्यांच्या संदर्भात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधपानांवर लिंगनिदानाच्या जाहिराती दिसतात आणि हा कलम २२ चा भंग आहे, असे त्यात म्हटले होते. आम्ही फक्त वाट दाखवतो, मजकूर आमचा नाही, हा कंपन्यांचा मुख्य बचाव. हे प्रकरण जवळपास दहा वर्षे चालले. सप्टेंबर २०१६ मध्ये ठरावीक शब्दांचा शोध आपोआप अडवण्याची तयारी कंपन्यांनी दाखवली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तक्रारी घेण्यासाठी केंद्र सरकारने नोडल यंत्रणा उभारावी असा आदेश झाला, फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपन्यांना स्वतःची तज्ज्ञ समिती नेमायला सांगितले गेले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण निकाली निघाले. दरम्यान महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली होती.

या खटल्यातून आपल्या विषयासाठी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की शोधपान ही तटस्थ जागा नाही. तिथे काय वर येते, काय खाली जाते, कोणत्या शब्दाशेजारी कोणती जाहिरात लागते, हे कुणीतरी ठरवते आणि त्यातून कुणीतरी पैसे मिळवते. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. शब्दावर लावलेली चाळणी जाहिरात आणि जाहिरातीविरुद्धचा लेख यांत स्वतःहून फरक करू शकत नाही. ‘गर्भलिंगनिदान’ हा शब्द डॉक्टरच्या जाहिरातीतही असतो आणि आपल्या पुस्तिकेतही. न्यायालयानेही एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट केले की बंदी जाहिरातीवर आहे, ज्ञान मिळवण्यासाठी केलेल्या प्रत्येक शोधावर नाही. तेव्हा आपला मजकूर कसा लिहायचा, त्याला कोणते शीर्षक द्यायचे, हे आपल्याला जाणीवपूर्वक ठरवावे लागते.

त्यासाठी सर्च इंजिन काम कसे करते हे थोडक्यात समजून घेऊ. एक प्रोग्राम सतत वेबसाइटींची पाने वाचत फिरतो. वाचलेल्या शब्दांची तो एक प्रचंड सूची करतो, पुस्तकाच्या मागे असते तशी. आपण शब्द टाकतो तेव्हा ती सूची पाहिली जाते, आणि हजारो पानांतून आधी कोणते दाखवायचे याचा क्रम लावला जातो. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गूगल सुरू केले ते क्रम लावण्याच्या एका नव्या कल्पनेवर. एखाद्या पानाकडे दुसऱ्या किती पानांनी बोट दाखवले आहे, आणि बोट दाखवणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, हे मोजायचे. गावात चार शहाण्या बायांनी ‘तिच्याकडे जा, ती मदत करेल’ असे सांगितले की आपण जातो, तसेच हे. आता या मोजणीत आणखी पुष्कळ गोष्टी मिसळल्या आहेत, पण शिफारशीची कल्पना टिकून आहे.

शिफारशीला किंमत आली की शिफारस विकत मिळू लागते. विकत घेतलेल्या लिंक म्हणजे सभेला ट्रकने आणलेली माणसे. एकच शब्द पानावर पन्नास वेळा कोंबणे, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवणे, वाचणाऱ्या प्रोग्रामला एक पान आणि माणसाला दुसरे पान दाखवणे, हे प्रकार त्यातलेच. गूगलने २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट अशा कारणासाठी काही काळ सूचीतून काढून टाकली होती. २०११ आणि २०१२ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत मोठे बदल करून पोकळ मजकूर आणि विकतच्या लिंक यांना खाली ढकलण्याचा प्रयत्न झाला. मोठी कंपनी अशा फटक्यातून सावरते. तिच्याकडे वकील असतात, पगारी माणसे असतात. आपली वेबसाइट एकदा खाली गेली तर ती वर आणायला आपल्याकडे कोण आहे? व्यवहार म्हणून पाहिले तरी हा सौदा आपल्याला परवडणारा नाही.

मग प्रामाणिकपणे सापडायचे तर काय करायचे? इथे मराठीपुरत्या काही गोष्टी आहेत, आणि त्या कोणतीही कंपनी आपल्याला सांगत नाही.

पहिली गोष्ट अक्षरांची. आपल्या जुन्या पुस्तिका, अहवाल, त्रैमासिकाचे जुने अंक श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत टाइप झालेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी त्या फॉन्टामागे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. सर्च इंजिनला त्यात ‘पोटगी’ हा शब्द कधीच सापडणार नाही. स्कॅन करून चढवलेल्या पानांची आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रातल्या मजकुराचीही थोडीफार तीच गत. तीस वर्षांचे काम असे दिसत असून न सापडण्याजोगे पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणणे हे एसईओचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी कुणाला फी द्यावी लागत नाही. दर आठवड्याला चार पाने बदलली तरी वर्षात दोनशे होतात.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपल्या पानांवर आपण लिहितो, ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’. बाई मात्र शोधते ‘नवरा मारतो काय करू’. आपण लिहितो ‘निर्वाहभत्ता’, ती म्हणते ‘खावटी’ किंवा ‘पोटगी’. आपण लिहितो ‘वैवाहिक निवासाचा हक्क’, तिला विचारायचे असते ‘सासू घरात घेत नाही’. पुष्कळ जणी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, आणि ज्यांना लिहिणे जड जाते त्या बोलून शोधतात. २०१७ पासून गूगलला मराठीत बोलून विचारता येते. म्हणजे बाईचे बोललेले वाक्य आपल्या पानावर असले पाहिजे, शीर्षकात असले पाहिजे. आपण केंद्रात बसतो तेव्हा पहिल्यांदा आलेली बाई जे वाक्य उच्चारते, ते वहीत लिहून ठेवा. नाव नको, गाव नको, फक्त वाक्य. त्या वहीतून तयार झालेली शीर्षके कोणत्याही कंपनीच्या यादीपेक्षा खरी असतील. यात फसवणूक कुठेच नाही. तिच्या भाषेत तिला उत्तर देणे एवढेच आपण करतो आहोत.

तिसरी गोष्ट, मजकूर ताजा ठेवण्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सासरच्या छळाचे ४९८ अ हे कलम आता न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये आहे. पोटगीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ झाले. पण बायांच्या तोंडी, आणि वकिलांच्याही, अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ आहे, आणि त्या तारखेआधीच्या घटनांना जुनेच कलम लागते. तेव्हा पानावर दोन्ही आकडे लिहावेत, कोणता कधी लागतो ते सांगावे, आणि पान शेवटचे कधी तपासले ती तारीख द्यावी. चुकीच्या कलमाचे पान पहिल्या क्रमांकावर असेल तर ते खाली असलेले बरे.

चौथी गोष्ट, जे आहे तेवढेच सांगण्याची. आपण मोफत वकील देत नसू तर ‘मोफत वकील’ हे शीर्षक लावायचे नाही. मात्र विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. महिला हेल्पलाइन १८१ आहे. हे आपल्या पानावर लिहिले तर शीर्षकही खरे ठरते आणि बाईला कामही होते. आमची खोली कोणत्या दिवशी, किती ते किती उघडी असते, इतर दिवशी कुठे जायचे, हे सर्वांत वर लिहायचे.

आणि लिंक? त्या विकत न घेता मागाव्यात. एकमेकींच्या वेबसाइटवर एकमेकींचे पत्ते नाहीत, ही आपली जुनी खोड आहे. नागपूरच्या संघटनेच्या पानावर काटोलचा उल्लेख नाही, काटोलच्या पानावर अमरावतीचा नाही. ज्यांचे काम आपल्याला माहीत आहे, ज्यांच्याकडे आपण बाई खरोखर पाठवतो, त्यांचाच पत्ता द्यावा. ती खरी शिफारस होईल आणि सर्च इंजिनलाही तीच हवी असते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, मोजणीकडे वळू. माझ्या मते जास्त धोका इथे आहे, कारण तो दिसत नाही.

कुणी वेबसाइट उघडली की सर्व्हरवर आपोआप एक ओळ उमटते. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणते पान मागितले, कोणत्या प्रकारच्या फोनवरून. एवढ्यावरून महिन्याचा ढोबळ आकडा काढता येतो. यापुढची पायरी कुकीची. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ती तयार केली, आलेला माणूस पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून. दुकानाच्या दृष्टीने ती सोय होती. पुढे एकाच जाहिरात कंपनीची कुकी हजारो वेबसाइटींवर बसली, आणि माणूस कुठून कुठे गेला याचा माग काढणे शक्य झाले. २००५ मध्ये गूगलने आपले मोजणीचे साधन सर्वांना फुकट दिले. फुकट म्हणून आपणही ते घेतले. फेसबुकचा ‘पिक्सेल’ही तसाच फुकट मिळतो. आपल्या पानावर त्याची चार ओळींची भर घातली की आपल्याकडे कोण आले ते त्या कंपनीलाही कळते.

चपलांच्या दुकानात हे चालून जाते. आपल्याकडे कोण येते ते आठवा. गर्भपाताची माहिती शोधणारी मुलगी, लैंगिक छळाची तक्रार कशी करायची ते वाचणारी नोकरदार बाई, नवऱ्याला सोडण्याचा विचार पहिल्यांदाच मनात आलेली गृहिणी. तिने अजून सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नसते, आणि एका जाहिरात कंपनीला त्याची कुणकुण लागते. ही अतिशयोक्ती नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ‘द मार्कअप’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने शंभर नामवंत रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा त्यांतल्या तेहतीस ठिकाणी हा पिक्सेल सापडला आणि रुग्ण डॉक्टरची वेळ घेऊ लागला की ती माहिती फेसबुककडे जात होती. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अॅपने बायांची माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावर २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी समझोता केला. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांतल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. पण कायद्याची वाट पाहून मग बाईची गुपिते जपायची, असे आपण म्हणू शकत नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे, तो फोनच्या मालकीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधी तरी वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. म्हणजे पुष्कळ बाया नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या फोनवर शोधतात. आपण पानावर जाहिरात कंपनीचा माग लावला तर उद्या त्याच फोनवर वकिलांच्या, घटस्फोटाच्या जाहिराती येऊ शकतात. फोन तेव्हा कुणाच्या हातात असेल?

फोनच्या या वाटणीमुळे आपले आकडेही खोटे ठरतात. एका फोनवरून चार बाया पाहतात तेव्हा आलेख ‘एक व्यक्ती’ म्हणतो. एक बाई तीन फोनांवरून पाहते तेव्हा ‘तीन’ म्हणतो. पाने वाचत फिरणारे प्रोग्राम माणसांत मोजले जाण्याची शक्यता असतेच. शिवाय एक बाई आली, तिला वर फोन नंबर दिसला, तिने आठ सेकंदांत पान बंद करून फोन लावला, तर गूगलच्या सध्याच्या साधनात त्या भेटीत ‘गुंतवणूक’ नव्हती असे धरले जाऊ शकते, कारण तिथे साधारण दहा सेकंदांचा निकष आहे. जे पान आपल्या दृष्टीने सर्वांत यशस्वी, ते आलेखात नापास. अशा आलेखांवरून आपण पाने बदलू लागलो तर नंबर खाली ढकलून वर लांबलचक मजकूर टाकू, बाई जास्त वेळ थांबावी म्हणून. आणि २०२४ पासून गूगल भारतात बऱ्याच प्रश्नांची यंत्राने तयार केलेली उत्तरे शोधपानाच्या डोक्यावरच देऊ लागले आहे. त्यामुळे आपला मजकूर वापरला जाऊनही आपल्याकडे कुणी न येण्याची शक्यता वाढली आहे.

आकडे नकोत असे मी म्हणत नाही. कोणते पान वाचले जाते, कोणत्या शब्दांनी बाया येतात, हे कळले तर आपण चांगले लिहू शकतो. पण चळवळीचे मोल आकड्यांत मोजता येत नाही याचे एक उदाहरण आपल्याच विदर्भातले आहे. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र हातोहात गेले, गटागटांत वाचले गेले. १९८० मध्ये देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या पत्राचे वाचक किती, हे कुणीही मोजलेले नाही. निधी देणाऱ्यांनी आकडे मागितले तर त्यांना हे सांगण्याची हिंमत आपण करायला हवी. महिन्याला किती जणींनी पाहिले याऐवजी किती जणींनी फोन केला, किती जणी केंद्रात आल्या, त्यांतल्या किती जणींनी ‘पान वाचून आले’ असे स्वतःहून सांगितले, हे आकडे द्यावेत. ते लहान असतील. पण त्यांतला प्रत्येक आकडा म्हणजे एक बाई असेल, आणि तिने स्वतः सांगितलेली गोष्ट असेल.

काटोलच्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या इथे मांडते, म्हणजे इतर गटांना त्यावर चर्चा करता येईल.

मदतीच्या पानांवर, म्हणजे हिंसा, गर्भपात, तक्रार, निवारा यांच्या पानांवर, बाहेरच्या कोणत्याही कंपनीचे मोजणीचे साधन लावायचे नाही. बाकी पानांवर मोजायचेच असेल तर मॅटोमोसारखे मुक्त साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचे, कुकी बंद ठेवायची आणि आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे पुसूनच नोंद ठेवायची. सर्व्हरच्या नोंदी गरजेपुरते दिवस ठेवून मग नष्ट करायच्या. जी माहिती आपल्याकडे नाही ती कुणी मागूही शकत नाही. बाया कोणत्या शब्दांनी येतात ते गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात पाहायचे. त्यासाठी आपल्या पानावर माग ठेवणारी कोणतीही ओळ घालावी लागत नाही, आणि फार थोड्या जणींनी विचारलेले शब्द त्यात दाखवले जात नाहीत.

मदतीच्या प्रत्येक पानावर ‘लगेच बाहेर पडा’ असे ठळक बटण ठेवायचे. ते दाबले की हवामानाचे किंवा बातम्यांचे पान उघडेल. पण त्याच्याजवळ हेही लिहायचे की या बटणाने फोनमधली नोंद पुसली जात नाही, ती कशी पुसायची, आणि फोन दुसऱ्याच्या हातात जात असेल तर आधी फोन करून विचारणे जास्त सुरक्षित. खोटा धीर देणारे बटण नसलेले बरे.

आणि शेवटचे, कुणालाही काम द्यायचे असेल तर लेखी विचारायचे. कोणत्या लिंक घेणार, कोणती पाने करणार, आलेल्यांची कोणती माहिती कुठे जाणार, किती दिवस राहणार. ‘ते आमच्या धंद्याचे गुपित आहे’ असे उत्तर आले तर काम द्यायचे नाही. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यालाही द्यायचे नाही, कारण तशी हमी देणे कुणाच्याच हातात नाही, हे गूगलच सांगते.

हे सगळे केल्यावर आपण पहिल्या पानावर येऊच असे नाही. वशीकरणवाला कदाचित अजूनही आपल्या वर असेल. त्याच्याशी लढण्याचे मार्ग आपल्याला माहीत आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, बेकायदा जाहिरातींची तक्रार करता येते, आणि सर्च इंजिन कंपन्यांना न्यायालयात उत्तर द्यायला लावता येते हे साबू जॉर्ज यांच्या याचिकेने दाखवले आहे. तो मार्ग लांबचा आहे. पण आपण आजवर जे मिळवले ते बहुतेक लांबच्या मार्गानेच.

तुमच्या गटाची वेबसाइट असेल तर पुढच्या बैठकीत एकदा ती सगळ्यांनी मिळून उघडा. आपले पान कोणकोणत्या कंपन्यांना माहिती पाठवते, ते ज्याने वेबसाइट केली त्याला विचारा. पहिल्यांदा आलेल्या बायांची वाक्ये जमवा, जुन्या पुस्तिकांतली कोणती आधी युनिकोडमध्ये आणायची ते ठरवा, आणि काय आढळले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बायांच्या शब्दांची एक यादी आपण मिळून करू शकलो, तर ती सगळ्या गटांना वापरता येईल.